पदवीचा खर्च आणि पदवीचे मोल

महाराष्ट्रात विद्यापीठाच्या पदवीचा इतिहास 1862 पासून सुरू होतो. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. तेव्हापासून प्रत्येक पिढीत शिकणाऱ्या मुलाच्या घरी एक हिशेब मांडला गेला आहे. पदवीला पैसा किती लागेल, वर्षे किती जातील आणि शेवटी हाती काय पडेल? या हिशेबाचे उत्तर काळाप्रमाणे आणि घराप्रमाणे बदलत गेले. ते सर्वांत जास्त अवलंबून राहिले ते खर्च कोणी उचलला यावर. त्यामुळे पदवीच्या मोलाचा इतिहास बऱ्याच अंशी तो खर्च उचलणाऱ्यांचाच इतिहास आहे.

दक्षिणेपासून पदवीपर्यंत

पदवी येण्यापूर्वी विद्येचा खर्च राजसत्ता आणि गाव मिळून उचलत. पुण्यात पेशवे दर श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. विद्यार्थ्याच्या पोटाची सोय माधुकरी मागून किंवा वार लावून होई. वार लावणे म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायला जाणे. ही व्यवस्था शिकणाऱ्याला पैशाने जवळजवळ फुकट पडे; पण तिचे दार एका जातीपुरते आणि त्यातही मुलग्यांपुरतेच उघडे होते.

1818 मध्ये पेशवाई गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्यातील काही रक्कम वळवून 1821 मध्ये पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. हीच पाठशाळा पुढे पूना कॉलेज आणि नंतर डेक्कन कॉलेज झाली. दक्षिणेचा उरलेला निधी कालांतराने ग्रंथांच्या बक्षिसांकडे आणि महाविद्यालयांतील ‘दक्षिणा फेलो’च्या वेतनाकडे गेला. मुंबईत 1827 मध्ये एल्फिन्स्टन गव्हर्नरपदावरून निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या स्मरणार्थ शहरातील लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमवले आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले.

1854 मध्ये चार्ल्स वुडच्या खलित्याने भारतात विद्यापीठे काढण्याची शिफारस केली. 1857 मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे ती निघाली. मुंबईचा कायदा 18 जुलैचा. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. विद्यापीठाने शिकवायचे नाही, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. शिकवणे महाविद्यालयांनी करायचे. या रचनेचे दोन परिणाम दीर्घकाळ टिकले. शिकवण्याचा सगळा भार महाविद्यालयांवर, म्हणजे सरकारी अनुदान, देणग्या आणि विद्यार्थ्यांची फी यांवर पडला. आणि पदवी हा परीक्षेचा शिक्का ठरला. हा शिक्का नोकरी देणाऱ्याला चटकन ओळखता येई आणि शिकणाऱ्याला तेवढ्यासाठीच हवासा वाटे.

विद्यापीठाच्या वैभवाचा खर्च मुंबईच्या व्यापाऱ्यांनी केला. पदवीदान सभागृहासाठी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. 280 फूट उंचीच्या या मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव मिळाले. विद्यार्थ्याच्या महिन्याच्या जेवणाखाण्याची तजवीज मात्र त्याच्या घरालाच करावी लागे.

पहिले पदवीधर आणि पदवीचा भाव

1859 च्या पहिल्या प्रवेश परीक्षेला शंभरावर मुले बसली आणि त्यांतली वीस-बावीसच उत्तीर्ण झाली. पदवीपर्यंत पोहोचणारे त्याहून थोडे. इंग्रजी राज्याला न्यायखाते, महसूलखाते आणि शाळाखाते यांसाठी इंग्रजी जाणणारी माणसे हवी होती, आणि पदवीधर तर बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे त्या काळी पदवीचा भाव मोठा होता. रानडे 1862 मध्ये बी.ए. झाले, 1866 मध्ये एल्एल.बी. झाले, आणि 1871 मध्ये पुण्यात पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून नेमले गेले तेव्हा त्यांचा पगार महिना 800 रुपये होता. याच दशकाच्या अखेरीस कारकुनी करणाऱ्या तरुणाला महिन्याला पंधरा रुपये मिळत. या दोन आकड्यांमधले अंतर पाहिले म्हणजे गरीब घरे एका मुलाला शिकवण्यासाठी काय काय पणाला लावत, याचा उलगडा होतो.

रानडे आणि भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो होते. पेशव्यांच्या श्रावणातल्या दक्षिणेचा पैसा अशा रीतीने नव्या पदवीधरांच्या शिक्षणाला लागला. ही सोय अगदी मोजक्यांना मिळाली. बाकीच्यांचा खर्च कुटुंबाने केला, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण गोपाळ कृष्ण गोखल्यांचे आहे. 1879 मध्ये वडील वारले. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, स्वतःचे शिक्षण सोडून कागलला नोकरी धरली. पगार महिना पंधरा रुपये. त्यातले आठ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवत आणि उरलेल्या सात रुपयांत घर चालवत. गोखले हात आखडून राहत आणि दिव्याचे तेल वाचवण्यासाठी रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचत, असे सांगितले जाते. 1884 मध्ये, अठराव्या वर्षी, ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. त्या पदवीच्या किमतीत आठ रुपयांखेरीज आणखी एक मोठी रक्कम मोडते, ती म्हणजे थोरल्या भावाची न झालेली पदवी. मराठी घरांत एका भावाने शिकायचे आणि दुसऱ्याने शेती किंवा नोकरी सांभाळायची, ही वाटणी पुढेही अनेक पिढ्या चालली. आणि बहिणीचा विचार त्या वाटणीत बहुधा झालाच नाही.

पदवीपेक्षा खालच्या प्रमाणपत्रासाठीही माणसे केवढी धडपड करत, हे धोंडो केशव कर्वे यांच्या तरुणपणात दिसते. सहावीची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाली की शिक्षकाची नोकरी मिळू शके. त्या परीक्षेसाठी कर्वे मुरुडहून कुंभार्ली घाट चढून साताऱ्यापर्यंत सुमारे 110 मैल पायी गेले. तिथे पोचल्यावर, वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पुढे 1884 मध्ये तेही एल्फिन्स्टन कॉलेजातूनच पदवीधर झाले.

शरीराने मोजलेली किंमत वेगळी होती. परक्या भाषेतून शिक्षण, परीक्षेचा ताण, अपुरे खाणे आणि लहान वयात डोक्यावर आलेला संसार यांतून अनेक बुद्धिमान पदवीधर ऐन उमेदीत गेले. मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग 1893 मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी वारले, तर गोपाळ गणेश आगरकर 1895 मध्ये चाळिशी गाठण्यापूर्वीच. पदवीधरांच्या अकाली मृत्यूंची कारणे काय, हा त्या दशकात जाहीर चर्चेचा विषय झाला आणि खुद्द रानड्यांनी त्यावर भाषण केले.

फुल्यांचा आक्षेप

1882 मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन सादर केले. पदवीचा खर्च शेवटी कोण भरतो, हा प्रश्न त्यात प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडला गेला. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, त्यातला मोठा भाग वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, आणि ज्याच्या पैशावर महाविद्यालये चालतात त्याच्या मुलाला गावात धड प्राथमिक शाळाही मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मुख्य मागणी होती.

फुल्यांचा उच्च शिक्षणाला विरोध नव्हता. महाविद्यालयात न जाता घरी अभ्यास करून प्रवेश परीक्षेला बसता येते, तशीच मोकळीक वरच्या परीक्षांनाही असावी, असे त्यांनी सुचवले. महाविद्यालयाचा खर्च ज्यांना झेपत नाही त्यांनाही पदवी मिळवता यावी, हा त्यामागचा विचार होता. ही सूचना मोठ्या प्रमाणावर अमलात यायला शंभर वर्षे लागली. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला 1989 मध्ये स्थापन झाले.

पंचाहत्तर रुपयांचे प्राध्यापक

पदवी स्वस्त करण्याचा पहिला मोठा प्रयत्न शिकवणाऱ्यांनी स्वतःच्या पगारातून केला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्या प्रयत्नांतून 1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज आले. सोसायटीच्या आजीव सदस्याने महिना 75 रुपये वेतनावर वीस वर्षे शिकवायचे, असा नियम होता. एवढेच शिकलेल्या माणसाला सरकारी नोकरीत याच्या कितीतरी पट मिळाले असते. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवले, की मोठ्या पगाराची आशा सोडून पोटापुरत्या पैशावर लोकांसाठी वेळ घालवण्याचे त्यांनी ठरवले आहे. गोखल्यांनीही ही मुदत पुरी केली आणि 1902 मध्ये ते निवृत्त झाले.

या त्यागामुळे सरकारी महाविद्यालयाबाहेर, आपल्या माणसांनी चालवलेले उच्च शिक्षण शक्य झाले. सांगलीचे विलिंग्डन कॉलेज याच सोसायटीचे. मात्र खेड्यातला मुलगा पुण्यापर्यंत यायचा तर राहायचे कुठे आणि खायचे काय, हा प्रश्न शिल्लकच होता.

वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पुढच्या दोन दशकांत जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेले समाज आणि इतर अनेक जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली. फी माफ केली तरी परगावच्या मुलाचा खरा खर्च खोली आणि दोन वेळचे जेवण हाच असतो, ही गोष्ट महाराजांनी ओळखली होती. 1902 मध्ये त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. वसतिगृहाने शिक्षण आवाक्यात आणले आणि राखीव जागेने त्या शिक्षणाला पुढे दार दिले. खर्च आणि फळ या दोन्ही टोकांना एकाच वेळी हात घालणारे असे धोरण त्या काळी दुर्मीळ होते.

एका पदवीमागे किती हात लागतात, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणात दिसते. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून महिना 25 रुपये शिष्यवृत्ती होती. 1912 मध्ये ते बी.ए. झाले. 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी बडोदा संस्थानाने महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी मंजूर केले आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार घेतला. 1917 मध्ये ते बडोद्याला रुजू झाले. परदेशी विद्यापीठात शिकलेल्या या अधिकाऱ्याला जातीमुळे गावात राहायला जागा मिळेना, आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. ज्या पदवीने रानड्यांसाठी दार उघडले होते, त्याहून मोठ्या शिक्षणालाही जातीने अडवले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी 1500 रुपये दिले, नवल भथेना या मित्राकडून 5000 रुपये कर्जाऊ घेतले, आणि 1920 मध्ये ते लंडनला अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला गेले. राजाश्रय, करार, स्वतःची बचत आणि मित्राचे कर्ज या चारही गोष्टी त्या पदव्यांमागे होत्या.

1927 मध्ये मुंबई विधिमंडळात बोलताना आंबेडकरांनी शिक्षणाचा खर्च फीमधून वसूल करण्याच्या धोरणाला विरोध केला. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. 1944 मध्ये अनुसूचित जातींसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. सिद्धार्थमध्ये सकाळचे वर्ग असत. त्यामुळे नोकरी करणाऱ्याला पगार न सोडता पदवी घेता आली.

कमवा आणि शिका

भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले. तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत, स्वतः स्वयंपाक करत, शेतात राबत आणि शिकत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मंगळसूत्रही मोडले. 1947 मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत महाविद्यालयापर्यंत पोचली. विद्यार्थी खडी फोडत, विहिरी खणत, शेती करत, आणि त्या श्रमातून जेवणाखाण्याचा खर्च भागवत.

या पद्धतीचे महत्त्व बचतीपुरते नव्हते. शेतकरी घरात कॉलेजला गेलेला मुलगा म्हणजे शेतातला कमी झालेला एक माणूस. ही झळ फीपेक्षाही मोठी असे. श्रम करून शिकणाऱ्या मुलासाठी घराला वेगळी पदरमोड करावी लागत नव्हती, आणि त्यालाही कोणाच्या उपकाराखाली राहावे लागत नव्हते. पुण्यात 1955 मध्ये सुरू झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने हाच विचार शहरातल्या वसतिगृहात आणला.

मान्यता नसलेली पदवी

पदवीचे मोल तिच्यातल्या ज्ञानाइतकेच तिच्या मान्यतेवरही ठरते, हे महिला विद्यापीठाच्या इतिहासात दिसते. 1916 मध्ये कर्व्यांनी पुण्यात स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. शिक्षण मातृभाषेतून आणि अभ्यासक्रम वेगळा. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. तरीही कायद्याने मान्यता मिळायला 1951 साल उजाडले. तोवरच्या पदवीधर स्त्रियांचे शिक्षण खरे होते, पण सरकारी नोकरीच्या अर्जावर त्याला इतर पदव्यांचे वजन नव्हते. त्या शिकल्या त्या मुख्यतः शिक्षणासाठीच.

सवलत, अंतर आणि नंतरची महागाई

स्वातंत्र्यापर्यंत अंतर हाही मोठा खर्च होता. विदर्भाला 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ मिळाले. पण मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तिथल्या मुलाला हैदराबादला जाऊन उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकावे लागे. गोव्यातली मुले धारवाड, बेळगाव किंवा मुंबई गाठत. 1949 मध्ये पुणे, 1958 मध्ये मराठवाडा, 1962 मध्ये शिवाजी आणि 1985 मध्ये गोवा अशी विद्यापीठे निघाली, तालुक्यातालुक्यांत महाविद्यालये आली, आणि एस.टी.च्या पासावर घरून येऊन जाऊन पदवी घेता येऊ लागली. 1959 च्या सुमारास राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या मागास घरांतील मुलांची फी माफ केली. ‘ई.बी.सी.’ हे शब्द त्यामुळे घरोघरी गेले. उत्पन्नाची मर्यादा पुढे वर्षाला 1200 रुपये झाली. शेतकरी आणि कामगार घरांतील पहिला पदवीधर बहुधा याच काळातला आहे.

पदवीधर वाढले, तसा पदवीचा दुर्मीळपणा गेला. नुसत्या बी.ए.ला नोकरी मिळेना, आणि घरे अभियांत्रिकी व वैद्यकीय पदव्यांकडे वळली. जागा कमी असल्याने महाराष्ट्रातली मुले देणगी भरून कर्नाटकात जाऊ लागली. 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा भराभर वाढल्या आणि लहान गावांतून अभियंते तयार झाले. त्याचबरोबर शिकवण्याचा सगळा खर्च विद्यार्थ्याच्या घरावर आला. देणगी रोखण्यासाठी 1987 मध्ये कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये मोफत आणि सशुल्क जागांची वाटणी घालून दिली, ती 2002 मध्ये मोडीत काढली, आणि पुढे फी ठरवण्याचे काम शुल्क समित्यांकडे आले. 2001 पासून बँकांची शैक्षणिक कर्जयोजना आली. जे. एन. टाटा निधीने 1892 मध्येच परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्त्या सुरू केल्या होत्या. पण ती सोय निवडक गुणवंतांची होती. आता कर्ज ही सामान्य घराची वाट झाली. 2024 मध्ये राज्याने आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या, ठरावीक प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण माफ केले, तेव्हा आधी घरांवर टाकलेला भार सरकारने काही अंशी पुन्हा उचलला.

वेळेची किंमतही वाढली आहे. राज्यसेवेच्या परीक्षेला पदवी ही किमान अट आहे. म्हणून पदवीनंतर पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत, मेसचे जेवण खात, आणखी काही वर्षे घालवणारे हजारो तरुण आहेत. त्यांच्या घरच्या हिशेबात तीन वर्षांची पदवी प्रत्यक्षात सात-आठ वर्षांची होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी असे टप्पे ठेवले आहेत. मधेच शिक्षण सोडावे लागणाऱ्याच्या हाती काही तरी राहावे, हा त्यामागचा हेतू आहे.

1862 पासूनचा हा हिशेब मांडला तर तीन बाबी पुनःपुन्हा समोर येतात. पदवीधर थोडे आणि जागा पुष्कळ होत्या, तोवर पदवीने घरचा खर्च एका पिढीत फेडला. जात, भाषा किंवा मान्यता आड आली, तिथे उत्तम पदवीलाही पूर्ण मोल मिळाले नाही. आणि खर्च दक्षिणेने, संस्थानाने, कमी पगारावर शिकवणाऱ्यांनी, वसतिगृहाने, सरकारने किंवा विद्यार्थ्याच्या श्रमाने वाटून घेतला, तेव्हा पहिल्यांदा शिकणाऱ्या घरांनाही पदवी परवडली. सगळा भार एकाच घरावर आणि त्याच्या कर्जावर पडतो, तेव्हा तीच पदवी त्या घरासाठी जोखीम ठरते.